मिग विमानाचा जुना संच

काही घरांत कपाटाच्या तळाशी एक चपटी पुठ्ठ्याची पेटी वर्षानुवर्षे पडून असते. झाकणावर आकाशातून झेपावणारे एक लढाऊ विमान रंगविलेले असते. आत करड्या किंवा रुपेरी प्लॅस्टिकचे तीसचाळीस तुकडे, पाण्याने सुटणाऱ्या चिन्हांचा पिवळा पडलेला कागद आणि घड्यांवर विरलेले सूचनापत्र. परदेशाहून परतलेल्या कोणा मामाने भाच्यासाठी आणलेली ती भेट. भाचा मोठा झाला, नोकरीस लागला, आणि पेटी तशीच राहिली. अशा पेटीवर जर मिग-२१ हे नाव असेल, तर ती उघडण्यास आजच्याइतका योग्य काळ दुसरा नाही. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे भारतीय हवाई दलाने या विमानास निरोप दिला. १९६३ पासून आपल्या आकाशात वावरलेले हे यंत्र आता चौथऱ्यावर, संग्रहालयात किंवा प्रतिकृतीच्या रूपानेच पाहावयाचे राहिले आहे.

बुलढाणा जिल्ह्यातील श्रोत्यांना हे विमान परके वाटण्याचा संभव आहे. परंतु मलकापूर, नांदुरा व शेगाव ही स्थानके ज्या लोहमार्गावर आहेत, त्याच मार्गाने पश्चिमेस गेले असता नाशिक लागते. आणि नाशिकजवळच्या ओझर गावी हिंदुस्थान एरॉनॉटिक्सच्या कारखान्यात या विमानांची बांधणी झाली. १९६२ च्या ऑगस्ट महिन्यात सोव्हिएत संघाशी करार झाला व कामाची वाटणी तीन ठिकाणी करण्यात आली: विमानाचा सांगाडा ओझरला, एंजिन ओरिसातील कोरापुटला आणि विद्युत्‌-उपकरणे हैदराबादला. अशा रीतीने सहाशेहून अधिक मिग-२१ विमाने भारतात तयार झाली. तेव्हा पेटीतील ते तुकडे जुळविताना आपण एका अर्थी ओझरच्या कारागिरांचेच काम बहात्तर पटींनी लहान करून पुन्हा करीत असतो.

बहात्तर हाच आकडा का, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. इंग्रजी मापात सहा फुटांस एक इंच धरला, की एकास बहात्तर हे प्रमाण येते. म्हणजे सहा फूट उंचीचा वैमानिक बरोबर एक इंचाचा होतो. या प्रमाणात विमानांच्या प्रतिकृती करण्याची चाल दुसऱ्या महायुद्धापूर्वीच इंग्लंडात पडली होती. १९३६ साली ‘फ्रॉग’ या नावाने खेळण्यातील विमाने विकणाऱ्या कंपनीने प्लॅस्टिकचे सुटे भाग असलेले संच प्रथम बाजारात आणले. तिची आधीची विमाने रबराच्या पिळाने उडत. ही नवी उडत नसत, म्हणून त्यांस पेंग्विन हे नाव देण्यात आले! युद्धानंतर पॉलिस्टायरीन हे प्लॅस्टिक स्वस्त झाले, एअरफिक्स कंपनीने १९५३ मध्ये स्पिटफायर विमानाचा लहानसा संच काढला, आणि पुढील वीस वर्षांत हा छंद जगभर पसरला. आपल्या पेटीतील संच बहुधा याच काळातला.

आता मुख्य विषयाकडे वळू. जुना संच सुधारावयाचा म्हणजे काय करावयाचे? पुष्कळांची समजूत अशी, की अधिक बारीक तपशील चिकटविले, की सुधारणा झाली. माझे मत निराळे आहे. सुधारणेची पहिली पायरी म्हणजे आपण नेमके कोणते विमान करीत आहो ते ठरविणे. ‘मिग-२१’ हे एका विमानाचे नाव नसून एका कुटुंबाचे आडनाव आहे. संच काढणाऱ्या कंपनीला त्या काळी हे विमान जवळून मोजावयास कोण देणार? तेव्हा पेटीवरील नावावर विश्वास न ठेवता प्रथम हातात मोजपट्टी घ्यावी.

मिग-२१ च्या पंखांचा पसारा सुमारे ७.१५ मीटर. त्यास ७२ ने भागले असता ९९.३ मिलिमीटर येतात. आपल्या संचाचे दोन्ही पंख धडास लावून मोजावेत. एखादा मिलिमीटर कमीजास्त भरला, तर प्रत्यक्षातील तो फरक तीन इंचांहून कमी असतो व डोळ्यास मुळीच जाणवत नाही. तो सोडून द्यावा. पंखाची पुढील कड मागे ५७ अंशांनी कललेली असते. हा कोन चुकला, तर मात्र विमान विमानासारखे दिसत नाही. तीच गोष्ट नाकाच्या तोंडाची. मिग-२१ चे सारे व्यक्तिमत्त्व त्या गोल तोंडात आणि त्यातून डोकावणाऱ्या शंकूत आहे. तेथे अर्ध्या मिलिमीटरची चूकही खपत नाही. कोणत्या चुकीकडे काणाडोळा करावयाचा आणि कोणतीवर आठवडा खर्ची घालावयाचा, हा विवेक या छंदात हस्तकौशल्याहून अधिक उपयोगी पडतो.

१९६३ मध्ये चंदीगड येथे २८ क्रमांकाच्या तुकडीत जी पहिली सहा मिग-२१ दाखल झाली, ती एफ-१३ या जातीची होती. हवाई दल त्यांस टाइप ७४ म्हणत असे. यांचे नाक बारीक, शंकू लहान, हवेचा दाब मोजणारी लांब नळी नाकाच्या खालच्या बाजूस, आणि उजव्या कुशीत ३० मिलिमीटरची एक तोफ. वैमानिकाच्या डोक्यावरचे काचेचे छत्र समोरच्या काचेसह अखंड पुढे उघडे. त्यानंतरच्या पीएफ जातीत मोठा रडार बसविण्यासाठी नाक रुंद करावे लागले, शंकू वाढला आणि नळी नाकाच्या वर गेली. ओझरला प्रथम बांधले गेले ते यापुढचे एफएल, म्हणजेच टाइप ७७. त्याच्या शेपटीचे उभे पाते अधिक रुंद असून पात्याच्या मुळाशी, उतरताना वेग रोखणाऱ्या छत्रीची नळकांडी आहे. त्यापुढे एम व बिस या जाती आल्या. त्यांची पाठ फुगीर, प्रत्येक पंखाखाली शस्त्रे टांगण्याच्या दोन-दोन जागा, आणि छत्र बाजूस उघडणारे.

हे एवढे विस्ताराने सांगण्याचे कारण असे, की एअरफिक्सचा जो जुना मिग-२१ संच अनेकांच्या घरी निघतो, तो एफ-१३ च्या घडणीचा आहे. त्याचे ओझरचे एफएल करू म्हटले, तर नाक, पाठ व शेपूट ही तिन्ही नवी करावी लागतील. हे म्हणजे एका माणसाचा अंगरखा उसवून दुसऱ्याच्या मापाने शिवण्यासारखे होय. कापड फाटते आणि दोघेही उघडे राहतात. ज्यास ओझरचेच विमान पाहिजे, त्याने एफएलचा संच मिळवावा. ज्याच्याजवळ एफ-१३ आहे, त्याने १९६३ सालचे चंदीगडचे चकचकीत रुपेरी विमान करावे. केवळ योग्य नाव दिल्याने संचातील अर्ध्या चुका चुका राहत नाहीत.

निवड झाली, की कामास लागावे. साच्यातून भाग सुटावेत म्हणून लावलेल्या तेलकट द्रव्याचा अंश तुकड्यांवर असतो. म्हणून ते प्रथम साबणाच्या कोमट पाण्यात धुवावे. भाग चौकटीपासून मोडून काढू नयेत; धारदार पात्याने थोडे अंतर राखून कापावे व उरलेला खुंट कानशीने घासावा. जुन्या संचाचा पंख वाकलेला असल्यास तो कढत, पण न उकळलेल्या पाण्यात काही क्षण धरून हलक्या हाताने सरळ करता येतो. सांध्यासाठी वापरावयाचा द्रव हा गोंद नव्हे. तो प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवितो व दोन्ही कडा एकजीव करतो. म्हणून त्याचा थेंब चुकीच्या जागी पडल्यास पुसू नये, वाळू द्यावा. पुसले, तर बोटाचा ठसा विमानावर कायमचा उमटतो. नखांचा रंग काढण्याचे द्रव्य याच्या जागी वापरू नये. त्यातील ॲसिटोन बारीक भाग पार वितळवून टाकते.

जुन्या साच्यांच्या सांध्यांत फटी राहतात. त्या भरण्यास रंगाऱ्याची लांबी बरी दिसते, पण ती प्लॅस्टिकहून मऊ असल्यामुळे पुढे तीवर रेघ कोरताना कड तुटते. याहून चांगला उपाय असा: त्याच संचाच्या उरलेल्या चौकटीचे बारीक तुकडे करून ते सांधण्याच्या द्रवात एका बाटलीत दोन दिवस ठेवावे. त्यांची दाट खळ होते. ती फटीत भरून आठवडाभर वाळू दिली, की फट जणू कधी नव्हतीच.

सर्वांत अधिक सहनशीलता लागते ती पृष्ठभागाच्या रेघांना. खऱ्या विमानाचे पत्रे एकमेकांस अगदी भिडलेले असतात व खिळ्यांची डोकी पत्र्याच्या पातळीत बसविलेली असतात. जुन्या संचांत मात्र या रेघा व हे खिळे उठावाचे असतात. एखाद्या खिळ्याचे डोके तृतीयांश मिलिमीटरचे असले, तरी प्रत्यक्षात ते २४ मिलिमीटरचे झाले. एवढ्या गाठी अंगावर घेऊन ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारे विमान कोणी पाहिले आहे काय? म्हणून उठाव घासून काढावयाचा व त्या जागी बारीक खोलगट रेघ कोरावयाची. पण सारा उठाव आधीच घासून टाकला, तर रेघ कोठे होती तेच कळत नाही. यास्तव प्रथम उठावाच्या कडेस जाड चिकटपट्टी लावून तिच्या आधाराने सुईने रेघ ओढावी. पहिले चारपाच हात वजनाशिवाय ओढावेत. सुईने एकदा वाट धरली, की मग ती सुटत नाही. नंतर उठाव ओल्या पॉलिश-पेपरने घासावा: आरंभी ४०० क्रमांकाचा, मग ८०० व १२००, शेवटी २०००. पाण्याखाली घासल्याने प्लॅस्टिकची धूळ छातीत जात नाही, हा लाभ निराळाच.

या कामासाठी लागणाऱ्या बारीक कानशी, चिमटे व सुई धरण्याची मूठ ही हत्यारे परदेशाहून मागविण्याची आवश्यकता नाही. ज्या खामगावास रजतनगरी म्हणतात, तेथील चांदीच्या कारागिरांच्या पाटावर हीच हत्यारे रोज असतात. त्यांच्या हाताची ठेवण थोडा वेळ पाहिली, तरी कानस पुढे जाताना दाबावी व मागे येताना उचलावी, एवढे सहज समजते.

चांदीवरून विमानाच्या रुपेरी कांतीचा विषय निघतो. आरंभीची मिग विमाने रंगविलेली नव्हती, उघड्या धातूचीच होती. ही कांती रंगाने साधणे कठीण, कारण रुपेरी रंग प्रत्येक ओरखडा दाखवितो. पोळ्या गुंडाळण्याचा ॲल्युमिनियमचा कागद येथे उत्तम उपयोगी पडतो. तो सुमारे ११ मायक्रॉन जाडीचा असतो. बहात्तर पटींनी मोठा केला असता आठ दशांश मिलिमीटर होतो, म्हणजे तोही पत्राच म्हणावयाचा. अर्धवट वाळलेल्या पातळ वार्निशवर त्याचा तुकडा ठेवून कापसाच्या बोळ्याने दाबावा आणि कोरलेल्या रेघेत पाते फिरवून कापावा. शेजारच्या तुकड्याची तकाकी निराळ्या दिशेने घासून थोडी मोडली, की पत्र्यापत्र्यातील भेद दिसू लागतो. मिठाईवरचा चांदीचा वर्ख वापरण्याचा मोह काहींना होतो. तो टाळावा, वर्ख श्वासानेही फाटतो आणि पुढे काळा पडतो.

रंगाचे काम ऋतू पाहून करावे. आपल्या जिल्ह्यात घाटावर व घाटाखाली हवेचे दोन निराळे संसार आहेत. मे महिन्यात घाटाखालच्या तालुक्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा पाण्यातील रंग फवाऱ्यातून निघून विमानापर्यंत पोचण्याआधीच वाळतो व पृष्ठभागावर खरखरीत पूड बसते. म्हणून कोणी कूलर लावून त्याच्या झोतात बसतात, तर ओलावा आणि धूळ दोन्ही अंगावर येतात. श्रावणात लवकर उडणाऱ्या द्रावणाचे रंग दिले, तर हवेतील बाष्प धरून त्यांवर पांढुरकी झाक येते. दसऱ्यापासून होळीपर्यंतचे दिवस यासाठी सर्वांत चांगले. उन्हाचा एक उपयोग मात्र निःसंशय आहे: पिवळा पडलेला चिन्हांचा कागद खिडकीच्या काचेस आतून चिकटवून काही दिवस उन्हात ठेवला, की त्याचा पिवळेपणा बराच उतरतो. वापरण्यापूर्वी त्यावर स्वच्छ वार्निशचा एक हात द्यावा, म्हणजे पाण्यात त्याच्या चिंध्या होत नाहीत.

मिगची चाके पुढे एक व मागे दोन अशी असल्याने प्रतिकृती शेपटीवर बसण्याचा धोका असतो. म्हणून धड बंद करण्यापूर्वी नाकात वजन भरावे लागते. हे वजन शिशाचे असल्यास ते पांढऱ्या फेव्हिकॉलने चिकटवू नये. काही वर्षांनी शिशावर क्षार चढून ते फुगते आणि विमानाचा सांधा आतून उकलतो. लोखंडी नट घालून ते दोन नळ्यांच्या अ‍ॅरल्डाइटने पक्के करावे. फेव्हिकॉल राखून ठेवावा तो काचेच्या छत्रासाठी. तेथे फेविक्विक लावले, तर त्याच्या वाफेने काच धुरकट होते.

शस्त्रे टांगण्याच्या बाबतीत लहान मुलेच नव्हे, तर मोठी माणसेही विवेक सोडतात. पेटीत जे जे असेल ते ते पंखांखाली लटकविलेच पाहिजे, असा त्यांचा ग्रह असतो. एफएल या जातीतून तोफ काढून टाकण्यात आली होती, क्षेपणास्त्रांनीच काम भागेल या भरवशावर. तो भरवसा पुरता खरा ठरला नाही, आणि पोटाखाली टांगावयाची २३ मिलिमीटरची जोडनळी तोफ नंतर देण्यात आली. पण पोटाखालची ती जागा जादा इंधनाच्या टाकीचीही होती. तेव्हा वैमानिकास तोफ तरी न्यावी लागे किंवा अधिक दूर जाण्याचे इंधन तरी. दोन्ही एकदम नाही. प्रतिकृतीच्या पोटाखाली आपण काय लावतो, त्यावरून ते विमान कोणत्या कामगिरीवर निघाले आहे हे जाणत्यास कळते. १२ डिसेंबर १९७१ रोजी कच्छच्या आखातावर ४७ क्रमांकाच्या तुकडीतील फ्लाइट लेफ्टनंट भारतभूषण सोनी यांनी पाकिस्तानचे एफ-१०४ स्टारफायटर पाडले, ते याच तोफेने. त्यानंतर दोनच दिवसांनी ढाक्याच्या गव्हर्नर भवनावर मिग-२१ विमानांनी रॉकेटे सोडली. पहिल्या विमानाच्या पोटाखाली तोफ हवी, दुसऱ्याच्या पंखांखाली रॉकेटांची नळकांडी. १९७१ च्या सुमारास अनेक विमानांच्या रुपेरी अंगावर हिरवे व मातकट रंग स्थानिक पातळीवरच चढविण्यात आले होते, आणि त्यांत एकवाक्यता नव्हती. म्हणून ज्या दिवसाचे विमान करावयाचे, त्याच सुमाराचे छायाचित्र समोर असल्याखेरीज कुंचला उचलू नये.

शेवटी क्रमांकाचा प्रश्न येतो, आणि येथे हा छंद केवळ करमणूक राहत नाही. हवाई दलाच्या अनेक मिग-२१ विमानांवर ‘सी’ या अक्षरापुढे आकडे असत. संचातील सुटे आकडे हाती आले, की कोणताही सुबक दिसणारा क्रमांक लावण्याची इच्छा होते. परंतु प्रत्येक क्रमांकाचे एक विमान होते, आणि त्या विमानात कोणी बसत असे. मे २०१२ मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत सांगितले, की हवाई दलाने घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी, म्हणजे सर्व जातींच्या मिळून, ४८२ विमाने अपघातांत नष्ट झाली व त्यांत १७१ वैमानिक मृत्यू पावले. ज्या यंत्राने १९७१ मध्ये एवढा पराक्रम केला, त्याच्याच नावापुढे पुढे ‘उडती शवपेटी’ हे विशेषण लागले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि प्रतिकृती करणाऱ्यास त्यांपैकी एक निवडून दुसरी टाकता येत नाही. क्रमांक लावण्यापूर्वी त्या विमानाचे छायाचित्र शोधावे, ते कोणत्या तुकडीत होते, त्या वेळी उभ्या पात्यावर कोणते चिन्ह होते आणि पुढे त्याचे काय झाले ते पाहावे. माहिती मिळाली नाही, तर दुसरा क्रमांक घ्यावा. शोधाशोधीत महिना गेला तरी हरकत नाही. तोवर रंग चांगला मुरतो.

नाकावरील लांब नळी सर्वांत शेवटी बसवावी. संचातील नळी जाडजूड असते व पहिल्याच धक्क्यास मोडते. तिच्या जागी शिवणाची बारीक सुई, नेढ्याकडून तोडून, बसवावी. विमान काचेच्या पेटीत ठेवणे बरे, कारण विदर्भाच्या धुळीपुढे फडक्याचा उपाय चालत नाही, आणि फडक्याने प्रथम नळीच जाते. पेटीच्या तळाशी, आतील बाजूस, विमानाचा क्रमांक, तुकडी, ज्या दिवसाचे विमान आहे तो दिवस आणि कोणत्या छायाचित्रावरून केले ते पेन्सिलीने लिहून ठेवावे. शाई काही वर्षांत उडून जाते.